भट्टीचा पत्ता नको

पनवेलच्या एका धर्मादाय दवाखान्यात ती नोंदणीच्या कॉम्प्युटरवर बसायची. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. एंटर दाबण्याआधी ती प्रत्येक नोंद मोठ्यानं वाचून दाखवायची आणि समोरच्यानं मान डोलावल्याशिवाय पुढे जायची नाही. नातीला लस द्यायला मी रांगेत उभा होतो आणि खरं सांगायचं तर वैतागलो होतो.

माझ्यापुढे वीटभट्टीवरची एक बाई होती, कडेवर छोटी मुलगी. लसीचं कार्ड हरवलेलं.

"पत्ता?"

"भट्टीवर."

"भट्टीचा नको. पावसाळ्यात काम बंद झालं की कुठं जाता?"

"आमच्या वाडीवर."

तिनं वाडीचं नाव विचारून ते यादीत शोधायला घेतलं. मला राहवेना. "अहो मॅडम, भट्टीचा पत्ता टाका ना! काय फरक पडतो?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काका, भट्टी दरवर्षी बदलते. तो पत्ता टाकला तर ही पोर इथं दरवर्षी नवीच होते. मग पहिल्यापासून सगळ्या सुया!"

वाडी निवडल्यावर मुलीची जुनी नोंद उघडली. तीन लशी, तारखांसकट. तिनं स्क्रीन आईकडे वळवला आणि सगळं वाचून दाखवलं. आई हसली. मुलीचं बोट धरून तिनं स्क्रीनवर टेकवलं. "बग, तू हायस हितं."

मग माझा नंबर आला. मी पत्ता सावकाश सांगितला. तिनं तो वाचून दाखवला तेव्हा मीही मान डोलावली.