बाहुल्यांच्या ओळीत

त्या पाहुण्यानं माझ्या गालावर टिचकी मारली. आधी शेजारच्या बाहुल्याच्या पोटात बोट खुपसून पाहिलं होतं. आत टॉवेल होते. मग माझ्याकडे वळला. टिचकी. मी डोळे मिचकावले, तशी त्याची बायको किंचाळली, "अगं बाई! हा जिवंत आहे!"

दोघंही हसत सुटली. त्यानं कॅमेरा काढला.

मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यातला पहिला. हे इथंच सांगून ठेवतो, कारण त्या क्षणी मला दुसरं काही आठवत नव्हतं.

क्रूझची बोट होती. वर पोहायचे तलाव, नाचगाणं, गालिचे. खाली, पाण्याच्याही खाली, आमची लाँड्री. खिडकी नाही. सकाळ की संध्याकाळ, ते ताटात काय पडलं त्यावरून कळायचं. अरबी समुद्र ओलांडताना चाच्यांचा पट्टा लागला. पाहुण्यांना हुकूम झाला: पडदे ओढा, डेकवर फिरायचं नाही, गडबड झाली तर आतल्या बोळात बसा. आम्हाला हुकूम झाला: बाहुले भरा. बॉयलर सूटमध्ये फाटके टॉवेल कोंबायचे, वर हेल्मेट, हातात झाडूचा दांडा. लांबून बंदूक वाटली पाहिजे. मग कठड्याला ओळीनं बांधायचे. चाच्यांना वाटावं, पहारा मोठा आहे.

बाहुले कमी पडले. सुपरवायझर लाँड्रीत आला. सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट माझ्याकडे केलं. "तू. सूट चढव. फार हलायचं नाही."

तो पुण्याकडचा. बोटीवर चढलो त्याच दिवशी आडनाव विचारलं होतं त्यानं. मग जिल्हा. भंडारा म्हटलं तर म्हणाला, "म्हणजे गोंदिया." मी म्हटलं, गोंदिया वेगळा झाला, आम्ही भंडाऱ्यातच राहिलो. "हां, हां," म्हणाला. आडनाव पुन्हा एकदा उच्चारून पाहिलं. मी ते गिळलं. साकोलीच्या कॉलेजात असले "हां, हां" पुष्कळ गिळले होते. नोकरी पाहिजे होती. नव्या गावठाणातलं घर अर्ध्या भिंतींवर थांबलं होतं. बहीण नर्सिंगला होती.

रोज दुपारी उभा राहिलो. हेल्मेट तापून डोकं शिजायचं. खरी गोळी आली असती तर तिनं टॉवेलात आणि माझ्यात फरक केला नसता.

आणि मग ती टिचकी. पाहुणा आत कंटाळून बायकोला घेऊन चोरून बाहेर आला होता. त्यांना परत न्यायला सुपरवायझर धावत आला. मला वाटलं, आता त्याला काही बोलेल. एवढी तरी आशा होती. तो हसून म्हणाला, "काही वाटून घेऊ नका सर. त्याला सवय आहे. यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण असायची. रक्तातच आहे."

मराठीत म्हणाला. माझ्यासमोर. जसं काही माझ्यातही टॉवेलच भरलेत.

राखण आजाकडे होती, हे खरं. गावाच्या वेशीची, पाटलाच्या धानाची. थंडीत शेताच्या धुऱ्यावर घोंगडं घेऊन बसायचा. छप्पन साली नागपूरवरून दीक्षा घेऊन आला. पाटलानं नेहमीसारखी हाक मारली. आजा काठी घेऊन गेला, ती पाटलाच्या ओसरीवर ठेवली आणि म्हणाला, "आता तुमचं धान तुम्हीच राखा, पाटील. मले झोप येऊन राहिली." गावानं त्याला काम देणं बंद केलं. विहीर बंद केली. आजा काठी उचलायला परत गेला नाही. माय हे सांगताना अजून हसते.

ते गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आहे. वेस, ओसरी, धानाच्या बांध्या, सगळं. राखण तेवढी बुडाली नाही. ती माझ्याआधी बोटीवर येऊन बसली होती.

मी झाडूचा दांडा सुपरवायझरच्या हातात दिला.

"आजची पाळी मी पूर्ण करतो. उद्या तुमची. हाच सूट, हीच जागा. तुम्ही उभे राहिले नाही, तर मीही राहणार नाही."

"काय बोलतोयस, कळतंय का?"

"कळून राहिलं."

त्या दिवशी मी दांड्याविना उभा राहिलो. आणि हललो. मान फिरवून, डोळे उघडे ठेवून समुद्र पाहिला. माणूस पहारा देतो तसा.

लाँड्रीतला केरळचा जोडीदार म्हणाला, "चुप रहना था भाई. दो दिन का बात था."

"दो दिन का नहीं है," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला नाही. मीही गेलो नाही. ओळीत एक जागा रिकामी राहिली. मोठ्या साहेबापुढे नेलं. माफी माग, नाहीतर पुढच्या बंदरावर उतर. तो इंग्रजीत बोलला, मीही इंग्रजीतच सांगितलं: सगळ्यांची पाळी लावा, पहिला मी उभा राहतो. माफी मागणार नाही.

उतरवलं.

माय दारातच होती. "काहून आला रे इतक्या लवकर?" सगळं सांगितलं. या वेळी ती हसली नाही. अर्ध्या भिंतींकडे पाहत राहिली. "मंग आता?"

बहिणीचं शिक्षण अडलं आहे. भिंती तशाच आहेत. गावात म्हणतात, शिकला पण अक्कल नाही आली. म्हणोत.

दुसऱ्या बोटीसाठी अर्ज केला आहे. समुद्राला मी भीत नाही, पहाऱ्यालाही नाही. सगळ्यांबरोबर माझी पाळी आली तर उभा राहीन, डोळा मिटणार नाही. पण कुणी म्हणालं रक्तात आहे, तर दांडा त्याच्या हातात. तिथंच. प्रत्येक बोटीवर.