उपासाच्या दिवशीची गोळी

आमच्या कंपनीतल्या बीपीच्या शिबिरात आता मी बोलत नाही. सिस्टर बोलते. मी खुर्च्या मांडून घेते, पंखे चालतायत का बघते, चहाचं सांगते आणि मागे भिंतीला टेकून उभी राहते. नव्या मुलींना वाटतं, मॅडम बुजऱ्या आहेत. हे माझ्या माहेरी कोणी ऐकलं तर हसून हसून लोळतील.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा आमचा कारखाना आहे. तिथे मी वेल्फेअर ऑफिसर. कामगारांची कॅन्टीन, गणवेश, विमा, रजेवरून होणारी भांडणं, सगळं माझ्या गळ्यात. काही वर्षांपूर्वी वरून फर्मान आलं, वेलनेस करा. म्हणजे नेमकं काय करा, हे विचारायची सोय नव्हती. सिस्टरने सगळ्यांचं बीपी मोजलं आणि कागद माझ्यापुढे आणून ठेवला. पुठ्ठा कापणाऱ्या मशीनवरची बरीच माणसं वरच्या आकड्यांत निघाली आणि त्यांतल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

त्यातले एक काका होते. मूळचे कणकवलीकडचे, राहायला घाटकोपरच्या डोंगरावर. तीस वर्षं एकच मशीन चालवलेली, तिच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे. त्यांचा आकडा बघून सिस्टरने दोनदा पट्टा बांधला. काका तिला म्हणाले, "माका काय एक होणा नाय गो, तुझा मशीन बिघाडला." तरी डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांनी निमूट सुरू केली. सिस्टरने पाकिटावर पेनाने लिहून दिलं होतं, सकाळी नाश्त्यानंतर एक.

पहिलं व्याख्यान बाहेरच्या डॉक्टरांचं झालं. ते पडद्यावर हृदयाच्या झडपा दाखवत होते आणि आमची माणसं घड्याळ बघत होती. माझं डोकंच फिरलं. यांना कळेल असं कोणी बोलणार की नाही? मग पुढच्या महिन्यात मीच माइक घेतला. मला बोलायची हौस पहिल्यापासून. शाळेत वक्तृत्वाचे कप मिळवलेली मुलगी मी, ती खुमखुमी जाते कुठे?

मी म्हटलं, "तुमच्यातले कितीजण अळणी वार करतात?" बरेच हात वर झाले. "देवासाठी मीठ सोडता, मग स्वतःच्या जिवासाठी का नाही सोडत? रक्तदाबाचा आणि मिठाचा संबंध आहे. लोणचं, पापड, सुके बोंबील कमी करा. देवाचं व्रत करता तसं हे बीपीचं व्रत समजा." टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी "झकास मॅडम!" म्हणून ओरडलं. मी फुलून गेले, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांना जमलं नाही ते मला जमलं, असंच वाटलं.

जेवणाच्या सुट्टीतली पाच मिनिटं उरली होती. काकांनी हात वर केला आणि उभे राहून म्हणाले, "मॅडम, सिस्टर बोलली गोळी खाऊन घ्यायची. मग उपासाच्या दिवशी कशी घेऊची?"

सिस्टर त्या दिवशी रजेवर होती. उत्तर मला माहीत नव्हतं. माहीत नाही, विचारून सांगते, एवढं म्हणायला पाच सेकंदं पुरली असती. पण सभा हातात आलेल्या माणसाला ते चार शब्द जड जातात. मी हसून म्हटलं, "अहो काका, एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय? उपास बिनधास्त करा, गोळी दुसऱ्या दिवशी घ्या." सगळे हसले, काकाही हसले आणि खाली बसले. भोंगा झाला.

पुढे मी आणखी हुशारी केली. जो मीठ कमी करेल त्याचा फोटो कॅन्टीनच्या फळ्यावर लावायचा. काकांचा फोटो पहिला लागला. माणूस शब्दाचा इतका पक्का, की कॅन्टीनमधली आमटीसुद्धा परत करायचा. डब्यात काकी अळणी भाजी देत. दुसऱ्यांच्या ताटातलं लोणचं बघून काका "बीपीचं व्रत मोडू नकोस रे!" म्हणून दटावायचे. मी त्यांना येता-जाता शाबासकी द्यायचे.

नवरात्र आलं. काका दर वर्षी उठता-बसता उपास करायचे, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. त्या वर्षी त्यांनी नऊच्या नऊ धरले आणि तेही अळणी. सकाळी नाश्ता नाही, दिवसभर दूध आणि केळी. मला सांगायला आले तेव्हा मी कौतुकाने म्हटलं, "वा काका, देवही खूश आणि बीपीही खूश!" उपास म्हटल्यावर त्यांचा तो प्रश्न मला आठवायला हवा होता. आठवला नाही. आपण सहज बोलून जातो आणि विसरतो, ऐकणारा मात्र ते जपून ठेवतो.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. सगळे आपापली मशीन पुसत होते. काकांनी झेंडूचं तोरण बांधायला हात वर नेला आणि त्यांना गाठच मारता येईना. शेजारचा म्हणाला, "काय काका, हात थरथरतो?" काका काहीतरी बोलले, ते कोणालाच कळलं नाही. मग ते मशीनला धरून खाली बसले.

हॉस्पिटलात काकींनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून मला दाखवलं. घटस्थापनेपासूनची एकही गोळी फोडलेली नव्हती. "रोज विचारायचे ओ मी. तर हे म्हणायचे, उपास हाय ना, चालता. कोण बोलला चालता? तर नुसते हसायचे." शेजारी उभे असलेले डॉक्टर म्हणाले, ही गोळी पाण्याच्या घोटाबरोबरही चालली असती, उपासाला ती कुठे आड येते? माझे कान तापले. मी पाकीट परत पिशवीत ठेवलं आणि काकींना म्हटलं, "काळजी करू नका, कंपनी आहे." कंपनी आहे!

त्या आठवड्यात वर अहवाल पाठवायचा होता. मी लिहिलं, सदर कर्मचाऱ्याने औषधं नियमित घेतली नव्हती. वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. तो अहवाल फिरला आणि कारखान्यात सगळे एकच बोलू लागले, मॅडम बिचाऱ्या घसा फोडून सांगतात, काकांनी ऐकलं नाही, वाट लावून घेतली. माझ्या तोंडावर हे बोलायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. निदान पाषाणाने गप्प तरी बसावं, मी तर मान डोलावत होते. लाज वाटायची, पण ती रात्रीपुरती. सकाळी ऑफिसात पोचेपर्यंत ओसरलेली असायची.

तीन महिने असे काढले. मग एका रविवारी मेट्रोने घाटकोपरला गेले, तिथून रिक्षा आणि पुढे चढण. खरं काय ते सांगायचं, एवढंच ठरवलं होतं. वाटेत दोनदा परतावंसं वाटलं.

काका खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर, कोणी आणून ठेवल्यासारखा. मला बघून त्यांनी डाव्या हाताने केस सारखे केले. काकींनी पाणी दिलं आणि माझ्या देखत त्यांना बोलायला सुरुवात केली. "बघा, मॅडम एवढ्या लांबून आल्या. किती सांगायच्या तुम्हाला! ऐकलंत कधी? आता बसा माझ्या जिवाला घोर लावून."

मी पेला खाली ठेवला. म्हटलं, "काकी, तसं नाही. काकांनी मला विचारलं होतं. शिबिरात, सगळ्यांसमोर, उपासाला गोळी..."

"नाय," काका म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होता. ते सरळ माझ्याकडे बघत होते. "मी... इचारूक नाय."

त्यांना सगळं आठवत होतं. ते डोळे विसरलेल्या माणसाचे नव्हते. हलक्या कामावर परत घेण्याची त्यांची फाईल तेव्हा माझ्याच टेबलावर होती. ते त्या भीतीने बोलले, की घरी आलेल्या बाईची अब्रू जाऊ नये म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच म्हणायला हवं होतं, काका, खोटं बोलू नका. वाक्य जिभेवर आलंही होतं.

"ऐकलंत?" काकी त्यांच्याकडे वळल्या. "विचारूकसुद्धा नाय! साधं विचारायला काय जात होतं तुमचं?"

काका मान खाली घालून ऐकत राहिले. आणि मी, जिला कुठेही बोलायची हौस, गप्प बसले.