दिव्यावरून नदी ओळखायची तेव्हा

नदीच्या वरच्या अंगाला सरकारचं एक जुनं धरण होतं. सत्तरच्या दशकात कधीतरी सरकारच्या मनात आलं, की नवं बांधण्यापेक्षा आहे त्याच धरणातून जास्त वीज काढावी. जुनं यंत्र बदललं, शेजारी आणखी एक बसवलं. धरण तेच, पाणी तेच, वीज मात्र वाढली.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमचे चार यंत्रमाग होते. थोरला दादा आणि मी मिळून चालवायचो. त्याआधीची वीज इतकी मरतुकडी, की आडवा धागा नेणारा मागाचा धोटा या टोकाचा त्या टोकाला जाईपर्यंत माशी त्याच्यावर बसायची, अंडी घालायची आणि पोरांची लग्नं लावून उठायची. नवं यंत्र सुरू झालं आणि माग असे सुटले, की चादरीवरचे मोर विणून व्हायच्या आतच उडून जायला लागले. काही चादरी आम्ही नुसत्या पिसाऱ्यावर विकल्या. गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही.

आमची अक्का करकंबच्या पलीकडं, नदीकाठच्या गावात दिलेली. दाजी गेल्यापासून काठावरचं शेत दिरांच्या ताब्यात. अक्काच्या हातात राहिली ती नदी. पाणी ओसरलं की ती पात्रातल्या वाळूत कलिंगडं लावायची. वर्षाचं तेवढंच तिचं स्वतःचं पीक. पूर्वी धरणाचं पाणी कालव्यानं जायचं आणि पात्र पावसाळ्यापर्यंत कोरडं राहायचं. आता यंत्र फिरवायचं म्हणजे पाणी नदीत सोडणं आलं. एका दुपारी ते न सांगता आलं आणि खालच्या ओळी घेऊन गेलं. ती कलिंगडं थेट कर्नाटकात पोचली आणि तिथल्या बाजारात कन्नडमधून स्वतःचा भाव सांगत बसली, असं मी पेठेत सांगत असे. अक्कासमोर कधी सांगितलं नाही.

उपाय दादानं काढला. पाणी आलं त्याच्या आदल्या दिवशी आमच्या मागावरचा बल्ब लख्ख पेटला होता, हे त्याच्या ध्यानात होतं.

"यंत्र जोरात फिरलं म्हंजी पाणी सुटलं. आज बल्ब उजळला की उद्या पाणी अक्काच्या वाळूत. सोपं हाय की!"

मग ठरलं. बल्ब उजळला, की सकाळच्या एसटीच्या टपाला चादरीची लाल पट्टी बांधायची. गाडी अक्काच्या गावच्या फाट्यावर थांबायची. पट्टी दिसली, की अक्का खालच्या ओळी तोडून माल काठावर घ्यायची. हे चक्क दोनदा जमलं. दादा पेठेत असा चालायला लागला, जणू धरणाची किल्ली त्याच्याच करगोट्याला आहे.

आणि एका सकाळी बल्बाकडं बघवेना. त्या उजेडात भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची हाडं मोजता येत होती. दादा उशिरा उठून आला, बल्ब बघितला आणि म्हणाला, "ही नदी न्हाय. समुद्र येतोय." त्यानं पट्टीच्या जागी अख्खी लाल चादर एसटीला बांधली आणि मलाही त्याच गाडीत बसवलं.

चादर बघून अक्कानं पदर खोचला. पिकलेलं, कच्चं, मुठीएवढं, सगळं तोडलं. संध्याकाळपर्यंत काठावर ढीग आणि वाळूत नुसते वेल. आम्ही वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. नदीत ओंजळभर पाणी वाढलं नाही. शेजारच्या वाळूवाल्यांची कलिंगडं वेलावर आरामात फुगत होती, आणि माझ्याकडून दादाचं समुद्राचं भाकीत ऐकलेले ते येऊन विचारत होते.

"अक्का, समुद्र कुटं अडकला म्हणायचा?"

"पंक्चर झाला आसंल. एसटीनंच येतोय न्हवं?" दुसरा म्हणायचा.

अक्का माझ्याकडं वळली. मला म्हणाली, "त्या दिशी पेठेत निराळं काय झालं हुतं? नीट सांग."

"काय न्हाय. दादा उशिरा उठला."

"का?"

"गिरणीचा भोंगाच वाजला न्हाय."

"गिरण्या बंद हुत्या?"

"व्हय. कामगारांनी काम थांबवलंय."

अक्कानं कच्च्या कलिंगडांच्या ढिगाकडं बघितलं. "म्हंजी गिरण्यांची वीज तुमच्या दिव्यात शिरली. धरणाचा काय संबंध न्हाय."

"तसं म्हणता येईल."

"दुसरं काय म्हणता येईल रं?"

पिकलेला माल तिनं करकंबच्या बाजारात काढला. कच्चा कुणी घेईना. मी सोलापूरला परत पोचलो, तेव्हा गिरण्या पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि आमचा बल्ब काजव्यासारखा लुकलुकत होता. त्याच आठवड्यात, कसलीही पट्टी नसताना, भर दुपारी नदीला पाणी आलं. शेजाऱ्यांचा माल वेलासकट गेला. अक्काच्या वाळूत न्यायला काही उरलंच नव्हतं. पिकलेला माल तेवढा तिच्या हाती लागला होता.

दादानं हे सगळं स्वतःच्या नावावर मांडलं. पाणी यायचंच होतं, आपण फक्त लवकर सांगितलं, असं तो छाती काढून सांगायचा. हे अक्काच्या कानावर गेलं. तिनं कच्च्या कलिंगडांची पोती भरली, सकाळच्या एसटीच्या टपावर चढवली आणि वरून आमचीच लाल चादर बांधून भवानी पेठेत पाठवून दिली. कंडक्टरबरोबर निरोप होता: "दादाला म्हणावं, समुद्र पोचला. भाजी करून खा."

आम्ही उन्हाळाभर कच्च्या कलिंगडाची भाजी खाल्ली. दादा जेवताना बल्बाकडं बघायचा नाही.