रंगपंचमीच्या फुग्याने इम्पल्स समजावला

मंडळी, केसांतला रंग अजून निघाला नाहीये, पण हे आत्ताच सांगायचंय.

मी गणिताची टीचर. या वर्षी शाळेने नववीचं फिजिक्सही मलाच दिलं. इम्पल्स, म्हणजे आवेगाचं सूत्र, 'बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल', हे मी नुसतं पाठ केलं होतं. परवा एका मुलीने विचारलं, "मॅडम, इसका मतलब क्या हुआ?" मी फळ्यावर परत सूत्रच लिहिलं.

आज जुनी इंदूर भागात माहेरी गेले होते. गच्चीवर वहिनीने पाण्याचा फुगा फेकला. मी हात ताठ धरून झेलायला गेले, तो फुटला आणि मी चिंब. तिने लगेच दुसरा फेकला. या वेळी घाबरून माझे हात आपोआप मागे गेले, आणि फुगा अख्खा हातात!

मी बघतच राहिले. फुगा तेवढाच, वेगही साधारण तोच, म्हणजे संवेगातला बदलही सारखाच. पण हात मागे गेल्याने दुसऱ्या फुग्याला थांबायला जास्त वेळ मिळाला, म्हणून बल कमी लागलं आणि तो वाचला.

"वहिनी, अजून एक फेका ना."

"अगं, भिजून कोणी इतकं खुश होतं का भला?"

मग तिलाच झेलायला उभं केलं. हात मागे घ्यायला सांगितले. तिनेही झेलला आणि म्हणाली, "बस, इतनी सी बात?"

उद्या बादलीभर फुगे घेऊन वर्ग मैदानात नेणार आहे.

नुसती पाठ केलेली कोणती गोष्ट तुम्हाला अशीच अचानक कळली?