साहेबाच्या ओंजळीतलं पाणी

नवलसिंगाला मगरीच्या पिल्लांचा आवाज काढता यायचा. घसा आत ओढून तो दोनदा कण्हला, की नर्मदेतल्या काळ्या बेटाजवळची म्हातारी मगर पाण्यावर डोळे काढायची. या कलेपायी त्याचं नाव पार अक्कलकुव्याच्या बाजारापर्यंत गेलं होतं आणि त्याची त्याला चांगलीच गुर्मी होती. तीच गुर्मी त्याला भोवली.

१९२८च्या वैशाखात एक साहेब आणि त्याची मडम नदीवरचे प्राणी-पक्षी बघायला आले. सोबत दुभाषा म्हणून अक्कलकुव्याचा गिरधर होता. दिवसभर होडीतून फिरायचं आणि शेवटी मगर बघायची, असा बेत होता. नवलसिंग कचरला. बेटावरच्या वाळूत मगरीची अंडी होती, फुटायला आली होती. आणि ही मगर गावाने राखलेली होती. गाव तिला जपे, ती गावातल्या माणसाला शिवत नसे.

"साहेबले फक्त देखनं शे, मारनं नही," गिरधरने समजावलं.

"मंग हातमा पानी लिसन सांगाले सांगा," नवलसिंग म्हणाला.

साहेबाने हसत हसत ओंजळ भरली आणि आपण गोळी झाडणार नाही, असं कबूल केलं. मडमला नवलसिंगाने काही विचारलं नाही. कशाला विचारील? त्याच्या गावात पाटलाने नदीचं पाणी हातात घेतलं की पाळण्यातलं पोरसुद्धा त्या शब्दाला बांधलं जाई. होडीत मोठा माणूस साहेब होता, त्याचा शब्द सगळ्यांचा शब्द.

सकाळ झकास गेली. पाणमांजरं दिसली, कड्यावरची गिधाडं दिसली, साहेबाने सगळं वहीत उतरवून घेतलं. दुपारी बेटावर उतरल्यावर साहेबाने सांगितलं, की हा काळा दगड कधीकाळी जमिनीतून वर आलेला आगीचा रस होता. गिरधरने ते भाषांतर करून ऐकवलं. वैशाखात त्या दगडावर अनवाणी उभ्या असलेल्या नवलसिंगाला हे काही नवीन नव्हतं.

मग परत होडीत बसून त्याने आवाज काढला. मगर आली. पिल्लं बोलावतात असं समजून आली, थेट होडीपाशी दोन हातांवर. मडमने शेजारी ठेवलेली बंदूक उचलली आणि तिच्या डोळ्यात गोळी घातली.

नवलसिंगाच्या हातातलं वल्हं सुटलं. त्याने साहेबाकडे बोट दाखवलं. साहेब काहीतरी बोलला आणि हसला.

"साहेबनी शबद मोडा नही म्हने," गिरधर खाली मान घालून म्हणाला. "गोयी मडमनी मारी. तिनी कोठे पानी लिधं व्हतं?"

मगर वाळूवर ओढायला नवलसिंगालाच लावलं. तिची लांबी मोजली, कातडं सोलून घेतलं आणि मंडळी खुशीत निघून गेली.

गावपाटील फत्तेसिंगाने निवाडा करायला फार वेळ घेतला नाही. होडी नवलसिंगाची, तेव्हा गोळी कुणाचीही असो, रक्त त्याच्या घराच्या हाताला लागलं. अंड्यांजवळ त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी जायचं नाही. गेले तर त्यांना गाव तुटलं. मोठ्याचं ते सगळ्यांचं, हाच नियम होडीत नवलसिंगानेही धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूतून आवाज यायला लागला. पिल्लं अंड्यातूनच आईला हाका मारतात, मग ती पायांनी वाळू उकरून त्यांना वर काढते. तापून घट्ट झालेली वाळू त्यांना स्वतःला फोडता येत नाही. बाकी गावातल्या कुणाची मारलेल्या मगरीच्या अंड्यांना हात लावायची छाती नव्हती. नवलसिंग होडी बेटाला लावून ऐकत बसे. तो आवाज त्याच्याइतका कुणालाच कळत नव्हता. त्याची बायको दिवलीबाई म्हणाली, उकर, गाव काय करायचं ते करू दे. तो उठला नाही. गावाबाहेर पडायची त्याला भीती वाटली, यापलीकडे त्यात काही नव्हतं. तीन दिवस तो तसाच बसून राहिला, आणि दर दिवशी आवाज कमी कमी होत गेला.

चौथ्या दिवशी वाळू गप्प झाली. फत्तेसिंग काठावर आला आणि आता अंड्यांजवळ जायला हरकत नाही, असं सांगून गेला.

नवलसिंगाने कोपरापर्यंत हात घालून वाळू उकरली. अठ्ठावीस पिल्लं निघाली. कितीतरी कवच फोडून बाहेर आली होती, तोंडात वाळू भरलेली. दिवलीबाई त्याच्या मागे उभी होती. हे हात आता चालतात का, एवढंच तिने विचारलं.