टॉवेलाचं लाल पाणी

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी रसायनशास्त्र शिकवते. कोळशाच्या पृष्ठभागाला रंग कसा चिकटतो, हा धडा आला की वर्ग शिस्तीत पेंगायचा. एका वर्षी मी म्हटलं, "पुस्तकं मिटा. उद्या घराजवळचं खराब पाणी घेऊन या."

मंगळवेढ्याकडच्या पोरांनी बोअरचं खारं पाणी आणलं. हजेरीपुरतंच तोंड उघडणाऱ्या एका मुलीनं बाटली टेबलावर ठेवली आणि सगळे उठून बघायला आले. पाणी कुंकवासारखं लाल. तिच्या मामांचा टॉवेलाचं सूत रंगवायचा छोटा कारखाना होता, तिथलं ते.

"याचा रंग काढायचा. कसा, ते तुम्ही ठरवा."

कुणीतरी तुरीच्या काड्यांचा कोळसा कुटून आणला. पहिल्या दिवशी लाल पाण्याचं काळं पाणी झालं. वर्ग पोट धरून हसला. ती मुलगी मात्र गाळणकागद बदलत राहिली. मग मुलांनी कोळसा आधी धुऊन घेतला, जास्त घातला, बराच वेळ ढवळला. शेवटी गाळणीखाली पडले ते थेंब अगदी नितळ होते. वर्ग असा ओरडला की शेजारचे सर धावत आले. त्यांना वाटलं, काहीतरी फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिचे मामा बघायला आले. बीकर उजेडाला धरून म्हणाले, "मॅडम, लई भारी की! आता प्यायला चालतंय?"

मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "नाही मामा. रंग गेला, मीठ तसंच आहे." तिनं मीठ दाखवणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले; पाणी ताकासारखं पांढरं झालं. मामांचा चेहरा उतरला. मग ती त्यांच्या घरच्या तेलुगूत भराभरा काही सांगू लागली. मामा आधी नाही-नाही करत होते, मग थांबले आणि हसले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणती, रंग धरायला आपण पाण्यात मीठ टाकतोच की! मग हेच परत वापरा, फेकताय कशाला?"

मामांनी थोड्या सुतावर करून पाहिलं. काही दिवसांनी ती दोन टॉवेल घेऊन आली, एक नेहमीच्या पाण्यातला, एक आमच्या. कुठला कोणता, कुणालाच सांगता येईना. मीही चुकीच्याच टॉवेलावर बोट ठेवलं, तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या.

सगळ्या कारखान्याला पुरेल इतका कोळसा मात्र अजून जमलेला नाही. यंदाची मुलं ज्वारीच्या धाटांचा करून बघतायत, आणि मागच्या अंगणातल्या धुराबद्दल प्राचार्यांना उत्तरं मी देतेय.