कणगीतली गोष्ट

“आजी कुठाय ह्यात? पान दाखव मला!” दिगंबर मास्तरांच्या शोकसभेत माझी थोरली बहीण, अक्का, माझ्यावर ओरडली. लातूरचा तो हॉल असा चिडीचूप झाला, की भिंतीवरच्या तसबिरीतले थोर पुरुषसुद्धा सावरून बसले. तिच्या हातात मास्तरांचं पुस्तक होतं, निजामाविरुद्ध लढलेल्या आपल्याकडच्या माणसांची चरित्रं. पुस्तक आलं अन् मास्तर गेले… महिना झाला त्याला.

ज्याचं चरित्र लिहायचं, त्याच्या गावचं पाणी आधी प्यायचं, हा मास्तरांचा नेम. स्कूटरवर मागं मी. भोकर, चाकूर, काही सोडलं नाही. धर्माबादच्या मिरचीबाजारात एका आजोबांना बोलतं करताना आम्ही एवढे शिंकलो, की पलीकडं तेलंगणात लोकांनी छत्र्या उघडल्या! म्हातारी माणसं तोंड उघडत नसली की मास्तर मला डोळा मारायचे. मी ठोकून द्यायचो, “तुमच्या पुढाऱ्यानं म्हणे वाघ औताला जुंपला होता!” म्हातारा चवताळायचा, “कोण म्हणलं? न्हाई, असं झालंच न्हाई!” आणि घडाघडा खरं सांगायचा. “नामदेव, तू थापा सोड, मी खरं टिपतो,” मास्तर म्हणायचे. अर्धं पुस्तक माझ्या थापांवर उभं आहे.

एकदाच, त्यांच्या खोलीत, मी पदरचं काहीही न घालता बोललो. आजीनं एका जखमी लढवय्याला ज्वारीच्या रिकाम्या कणगीत लपवलं होतं. शिपायानं कणगीत भाला खुपसला. आतला माणूस ओरडला नाही, पण रक्त खाली ओघळलं. आजीनं तिथंच विळीवर आपला तळहात ओढला, अन् “माझंच हाय,” म्हणाली. तो वण घेऊनच ती गेली… मास्तरांनी डोळे पुसले. त्यांचा चहा तसाच राहिला. मी घरी येऊन अक्काला सांगितलं, आजी पुस्तकात आली!

आली नाही. एक ओळ नाही. वाघ जुंपणाऱ्याचं नाव आहे त्यात, वाघ तेवढा गाळलाय.

सभा संपल्यावर मी मास्तरांच्या खोलीत गेलो. खिडकीपाशी माझी वेताची खुर्ची तशीच होती; तिच्यात ते दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत. मी बसलो. मास्तरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या.

“वहिनी, आजीचं का नाही लिहिलं त्यांनी?”

वहिनींनी कप माझ्यापुढं ठेवला.

“‘नामदेवनं ह्या खेपेला लई भारी रचलं,’ म्हणले होते.”